दोन रांगा पुढे, दोन रांगा मागे



आमच्या एका जुन्या वर्गणीदार बाईंचं पत्र आलं. मुलगी अमेरिकेत बाळंत होणार आहे आणि बाई पहिल्यांदाच इतका लांबचा विमानप्रवास करणार आहेत. ‘औषधांना न जुमानणारा टीबी घेऊन लोक खुशाल विमानात चढतात असं ऐकते. शेजारच्या खुर्चीवर असा कोणी खोकत बसला तर मी काय करायचं? आणि हा आजार आपल्याच देशातून बाहेर जातो म्हणतात, ते खरं का?’ असे त्यांचे प्रश्न. पत्राच्या शेवटी त्यांनी घाईघाईत आणखी एक ओळ लिहिली आहे : ‘आमच्या कामवालीच्या सुनेला हाच आजार झालाय, तिला माहेरी नेऊन टाकलंय, म्हणून जास्तच धास्ती वाटते.’

या अंकासाठी क्षयरोगाचा विषय मी सुचवला तेव्हा संपादक मंडळात थोडी कुरकुर झाली होती. क्षयरोग म्हणजे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरच्या पोस्टरचा विषय, त्यात स्त्रीप्रश्न कुठे आला, असं एक-दोघींचं म्हणणं होतं. हे पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं आणि कुरकुर थांबली. पत्राची पहिली बाजू विमानातल्या प्रवाशाची आहे, शेवटची ओळ माहेरी टाकलेल्या सुनेची. जगभर या आजाराची जी चर्चा होते ती बहुतेक पहिल्या बाजूनेच होते.

आधी विमानाचं सांगते, कारण भीती अगदीच निराधार नाही. १९९४ साली अमेरिकेत एका प्रवाशाने अनेक औषधांना दाद न देणारा क्षय घेऊन होनोलुलू, शिकागो, बाल्टिमोर असा विमानप्रवास केला. नंतर त्या विमानांतल्या शेकडो सहप्रवाशांना शोधून त्यांच्या तपासण्या केल्या गेल्या. पावणेनऊ तासांच्या सर्वांत लांब उड्डाणात काही जणांना लागण झाल्याचं दिसलं, आणि ती प्रामुख्याने रुग्णाच्या पुढे-मागे दोन रांगांच्या आत बसलेल्यांना. त्या अंतरातल्या १३ जणांपैकी चौघांची चाचणी सकारात्मक आली. त्याच कक्षातल्या बाकीच्या ५५ जणांत फक्त दोघांची. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये विमानप्रवास आणि क्षयरोग यांवर मार्गदर्शिका काढली, २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली. तिचा ठोकताळा आजही वापरतात : प्रवास आठ तासांचा किंवा त्याहून मोठा असेल तर रुग्णाची रांग, दोन रांगा पुढे, दोन रांगा मागे, एवढ्या प्रवाशांचा शोध घ्यायचा. ज्याच्या थुंकीतून जंतू जाताहेत त्याने सार्वजनिक विमानात बसूच नये, आणि औषधांना न जुमानणारा क्षय असेल तर जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत ते सापडेनासे होईपर्यंत बसू नये, हेही तिच्यात स्पष्ट आहे.

बाईंच्या जिवाला दिलासा म्हणून पुढचं. विमानाच्या आतली हवा तासाला वीसेक वेळा बदलली जाते. फिरून आत येणारी हवा अतिशय बारीक गाळणीतून येते. ती वरून खाली वाहते, या टोकापासून त्या टोकापर्यंत नाही. शिवाय लागण होणं आणि आजारी पडणं यांत मोठा फरक आहे. क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या शंभर माणसांपैकी पाच ते दहा जण आयुष्यात कधीतरी आजारी पडतात, बाकीच्यांच्या शरीरात ते निपचित राहतात. २००८ ची मार्गदर्शिका निघेपर्यंत विमानात झालेल्या लागणीतून पुढे प्रत्यक्ष आजार जडल्याचं एकही प्रकरण नोंदलं गेलेलं नव्हतं. तेव्हा बाई, खुशाल जा, लेकीचं बाळंतपण नीट करा. शेजारी कोणी फारच खोकत असेल तर विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगा. ते त्या माणसाला मुखपट्टी देतील, जमलं तर तुमची जागाही बदलून देतील.

आता दुसरा प्रश्न, ‘हे आपल्याकडून जातं का’. त्याआधी दोन घटना आठवून पाहू.

२००६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, तुगेला फेरी नावाच्या गावातल्या रुग्णालयात जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे ५३ रुग्ण आढळले. त्यांतले ५२ मरण पावले. निम्म्यांहून अधिक तर थुंकी तपासायला दिल्यापासून अवघ्या अडीच-तीन आठवड्यांत. ज्यांची एचआयव्ही चाचणी झाली ते सगळे बाधित होते. वैद्यकीय जगात खळबळ उडाली. पण साध्या वृत्तपत्रवाचकापर्यंत हा आजार पोहोचला तो पुढच्या वर्षी, आणि वेगळ्याच निमित्ताने. अटलांटाचा एक तरुण वकील २००७ च्या मे महिन्यात लग्नासाठी ग्रीसला आणि मधुचंद्रासाठी रोमला गेला. आपला क्षय औषधांना जुमानत नाही हे त्याला जाण्यापूर्वी माहीत होतं. रोममध्ये असताना त्याला फोनवर सांगण्यात आलं की आजार त्याहूनही कठीण प्रकारचा आहे, विमानात बसू नका. आपण इथे परक्या देशात अडकलो तर मरू, या भीतीने तो प्रागहून माँट्रियलला उडाला आणि मोटारीने सरहद्द ओलांडून घरी आला. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यासमोर संगणकावर सूचना होती, तरी त्याने सोडलं. मग त्याच्यावर संघराज्य सरकारचा विलगीकरणाचा हुकूम निघाला. असा हुकूम १९६३ नंतर पहिल्यांदाच निघाला होता. संसदेत सुनावणी झाली. आणि जुलैमध्ये कळलं की आजार आधी सांगितला तितक्या कठीण प्रकारचा नव्हताच.

मला त्या वकिलाची बाजू घ्यायची नाही. आपल्यापासून दुसऱ्याला धोका होऊ शकतो हे कळल्यावर विमानात चढणं चूकच. पण ५२ मेलेल्या माणसांसाठी जी संसद हलली नाही ती एका विमानतिकिटासाठी हलली, हे नजरेआड कसं करायचं? त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेने ‘यांना विमानात घेऊ नका’ अशी आरोग्याच्या कारणासाठीची यादी सुरू केली. पहिल्या वर्षभरात तिच्यात ३३ नावं गेली, आणि सगळी क्षयाच्या रुग्णांची होती.

दुसरी घटना आपल्या जास्त जवळची. एप्रिल २०१५ मध्ये भारतातून एक स्त्री शिकागोच्या विमानतळावर उतरली. तिथून ती इतर काही राज्यांत जाऊन आली आणि सुमारे सात आठवड्यांनी उपचारासाठी डॉक्टरकडे गेली. तपासणीत अत्यंत कठीण प्रकारचा, एक्सडीआर क्षय निघाला. तिला वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय संस्थेच्या रुग्णालयात हलवलं. हवा बाहेर जाऊ न देणारी खास खोली, तज्ज्ञ डॉक्टर, सगळी औषधं. तिच्याबरोबर प्रवास केलेल्यांचा शोध सुरू झाला. ती कोण, कुठली, कशासाठी गेली, यातलं काहीही अमेरिकेच्या आरोग्य खात्याने जाहीर केलं नाही, आणि ते योग्यच केलं.

मी तेव्हा एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात ही बातमी चर्चेला आली तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, ‘काय बाई आहे, आजार घेऊन तिकडे गेली, देशाचं नाव घालवलं.’ गंमत म्हणजे वकिलाबद्दल बोलताना कुणी ‘काय पुरुष आहे’ म्हटलं नव्हतं आणि त्याच्या देशाचं नावही गेलं नव्हतं. बाई आजारी पडली की आधी तिच्या वागण्याचा हिशेब मागितला जातो. हे आपल्या केंद्रात रोज बघतो आपण.

तर ‘आपल्याकडून जातं का’ याचं सरळ उत्तर : जगातले क्षयाचे सगळ्यात जास्त रुग्ण भारतात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख माणसं क्षयाने आजारी पडली आणि साडेबारा लाख दगावली. आजारी पडलेल्यांतला चौथा हिस्सा आपला. मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण त्या वर्षी सुमारे चार लाख होते, त्यांतही चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त आपलेच. पण ‘जातं’ हे क्रियापद मला खटकतं. आजार विमानाने बाहेर जाण्याआधी इथल्या खोल्यांमधून राहतो. तो तिथे कसा राहतो हे पाहिलं पाहिजे.

मानखुर्द-गोवंडीत आमचं सल्ला केंद्र आहे. तिथे झोपडपट्टीतल्या लोकांना पुनर्वसनाच्या नावाखाली ज्या इमारती दिल्या, त्यांतल्या काही दोन-तीन मीटर अंतरावर एकमेकींना खेटून उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथल्या तीन वसाहतींची तुलना आहे. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षय होता. मोकळ्या बांधणीच्या पीएमजी कॉलनीत शंभरांत एका घरात. वस्ती तीच, गरिबी साधारण तीच, फरक ऊन-वाऱ्याचा. या खोल्यांत दिवसभर कोण असतं? पुरुष कामावर जातो, मुलं शाळेत जातात. बाई मणी ओवत, पापड लाटत, लेबलं चिकटवत तिथेच बसते. सासऱ्याला किंवा दिराला खोकला असला तर त्याची थुंकी तीच उचलते. विमानात आठ तासांना धोक्याची हद्द मानतात. आमच्या बाया त्या हवेत रोजचे वीस-बावीस तास असतात.

आता औषधांना न जुमानणारा क्षय होतो कसा? ‘पेशंट गोळ्या अर्धवट सोडतात’ हे उत्तर आपल्याला पाठ आहे. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. १९९१ च्या एका अभ्यासात धारावीतल्या १०० खाजगी डॉक्टरांना क्षयासाठी काय लिहून देता असं विचारलं होतं, तर ८० वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. जवळपास वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न मुंबईतल्या १०६ डॉक्टरांना विचारला. ६३ पद्धती निघाल्या, बरोबर चिठ्ठी लिहिणारे सहा. सरकारी कार्यक्रमातही पहिल्या औषधांनी गुण आला नाही की त्याच औषधांत एक इंजेक्शन वाढवायचं, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालली. जंतू आणखी एका औषधाला निर्ढावायला याहून सोपा मार्ग नव्हता. रोजच्या रोज गोळ्या देण्याऐवजी आठवड्यातून तीनदा देण्याची पद्धत तर २०१७ पर्यंत होती. आणि आज नव्याने सापडणाऱ्यांतल्या अनेकांना निर्ढावलेले जंतूच दुसऱ्याकडून थेट मिळालेले असतात. त्यांनी एकही गोळी चुकवलेली नसते, कारण त्यांना कधी एकही गोळी मिळालेलीच नसते. तरी वॉर्डात पहिला प्रश्न तोच : ‘गोळ्या का सोडल्यास गं?’

२०१२ च्या सुरुवातीला याच डॉ. उदवाडियांनी हिंदुजा रुग्णालयातल्या काही रुग्णांवर तपासलेलं एकही औषध चालत नसल्याचं जाहीर केलं. सरकारने आधी शब्दावर वाद घातला, ‘पूर्णतः’ म्हणू नका म्हणून. निदान त्या वादानंतर मुंबईत तपासण्या वाढल्या, पैसा आला, दोन तासांत निर्ढावलेपण सांगणारी यंत्रं आली. वर्षानुवर्षं ओरडून जे होत नाही ते बदनामीच्या भीतीने होतं. पण ती यंत्रं वस्तीतल्या बाईपर्यंत पोहोचायला आणखी बराच काळ लागला.

आणि औषध? बेडाक्विलिन हे चाळीसहून अधिक वर्षांतलं क्षयावरचं पहिलं नवं औषध अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात मंजूर झालं. जानेवारी २०१७ मध्ये पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांना ते मिळवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. तेव्हा देशातल्या मोजक्या सहा केंद्रांतच ते मिळत होतं, आणि मुलगी दिल्लीची रहिवासी नाही हे तिला नकार देण्याचं एक कारण होतं. म्हणजे भारतातली एक बाई अमेरिकेत आजारी पडली तर तिथलं सरकार तिला रुग्णालयात घेऊन सगळी औषधं देतं, आणि बिहारची मुलगी दिल्लीत आजारी पडली तर तिच्याकडे रहिवासाचा दाखला मागतात. खटल्यानंतर तिला औषध मिळालं, मुंबईत. फार उशीर झाला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती गेली. तिच्या वडिलांच्या लढ्याने पुढच्यांचा रस्ता थोडा रुंद झाला एवढं खरं.

रस्ता रुंद करणाऱ्या आणखी दोघींची नावं मुद्दाम घेते : मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघी क्षयातून वाचल्या आणि दोघींचीही ऐकण्याची शक्ती औषधाच्या इंजेक्शनांनी गेली. त्या काळी कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं महिनोन् महिने टोचत. जीव वाचेल पण कान जाऊ शकतील, हे बहुतेकांना आधी सांगतही नसत. नंदिता भरतनाट्यम करणारी मुलगी. तिच्या कानांवरून तबल्या-मृदंगाचा बोल एका झटक्यात पुसला गेला. या दोघींनी २०१९ मध्ये बेडाक्विलिनवरची जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीची मक्तेदारी २०२७ पर्यंत वाढवणाऱ्या पेटंट-अर्जाला भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने तो अर्ज फेटाळला, जुलैत मूळ पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना स्वस्तात औषध बनवायची वाट मोकळी झाली. दोन बायकांनी, त्याही आजारातून उठलेल्या, बहिऱ्या झालेल्या, एका बलाढ्य कंपनीला नमवलं. आपल्या पाठ्यपुस्तकात हा धडा हवा होता. आज तोंडाने घ्यायच्या चार गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार आहे. आपल्या सरकारने तो सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केला. इंजेक्शनं नाहीत, दीड-दोन वर्षांची रखडपट्टी नाही. पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हा उपचार देत नाहीत, तिला जुन्या, लांबच्या वाटेनेच जावं लागतं. औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायांना वगळायचं आणि मग ‘पुरावा नाही’ म्हणून औषधही नाकारायचं, याबद्दल आपल्या चळवळीने अजून पुरेसा आवाज उठवलेला नाही.

आता पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येते.

आमच्याकडे आलेली एक चोवीस वर्षांची बाई. दोन मुलं, धाकटं अकरा महिन्यांचं. थुंकीच्या तपासणीत एमडीआर निघाला त्याच्या तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तिला रात्रीच्या गाडीत बसवून दिलं, जालना जिल्ह्यातल्या माहेरी. जनरल डबा, मे महिना, पायाशी लोक झोपलेले, मांडीवर पोर. तोंडाला ओढणी. त्या डब्यात कुणी पुढच्या-मागच्या दोन रांगा मोजल्या नाहीत, नंतर कुणी सहप्रवाशांना फोन केले नाहीत. मुंबईतून तिची नोंद तिकडे वर्ग होऊन औषध पोहोचेपर्यंत एकोणीस दिवस गेले, तेही आमच्या कार्यकर्तीने रोज फोन करून. त्या एकोणीस दिवसांत तिचे जंतू काय शिकले असतील याचा विचार करा. ती बाई देशाबाहेर गेली नाही म्हणून तिची बातमी झाली नाही.

अशा बाया आमच्याकडे दर महिन्याला येतात. पत्रातल्या बाईंनी आपल्या कामवालीला एवढं जरूर सांगावं : हिंदू विवाह कायद्यात क्षय हे घटस्फोटाचं कारण नाही. आजारी सुनेला घराबाहेर काढणं हा कौटुंबिक हिंसाचार आहे. २००५ च्या कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे, औषधोपचाराचा खर्च मागता येतो. आणि योग्य औषधं सुरू झाली की बहुतेक रुग्णांपासून होणारा संसर्ग भराभर उतरतो. ताट-वाटी वेगळी करायची गरज तर कधीच नसते, हा आजार ताटातून जात नाही. खिडकी उघडी ठेवा, तोंडावर फडकं धरा, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, लहान मुलांची आधी.

दवाखान्यात जे बाईला सांगत नाहीत तेही सांगते. साध्या क्षयावरच्या रिफाम्पिसिन या गोळीमुळे ‘माला-डी’सारख्या संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. त्या काळात दुसरं साधन वापरायला हवं. हे न सांगितल्यामुळे दिवस गेलेल्या आणि वर ‘आजारपणातही हिला धीर नाही’ असं ऐकून घेतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. दुसरं, क्षय फक्त फुप्फुसाचा नसतो. तो गर्भाशयाचा, बीजवाहिन्यांचा होतो, खोकल्याशिवाय, तापाशिवाय, चोरपावलांनी. बाईला मूल होत नाही एवढंच दिसतं. ती देवळं-दर्गे आणि महागडी केंद्रं फिरते आणि सवत येण्याची वाट बघते. तो क्षय कुणाला लागत नाही, पण तिचा संसार खाऊन टाकतो.

पुरुषांना क्षय जास्त होतो हे आकडे सांगतात. २०२३ च्या जागतिक आकड्यांत ५५ टक्के पुरुष, ३३ टक्के स्त्रिया, बाकी मुलं. पण पुरुषाला क्षय झाला की बायको त्याला अंडी शिजवून घालते. बायकोला झाला की तिची रवानगी होते. पोषणासाठी सरकार रुग्णाच्या खात्यावर पैसे टाकतं, २०१८ पासून महिन्याला पाचशे आणि नोव्हेंबर २०२४ पासून हजार. चांगली योजना आहे. पण आमच्याकडच्या किती तरी बायांचं स्वतःचं खातं नाही किंवा आहे त्याचं कार्ड नवऱ्याच्या खिशात. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांना डाळ-तांदूळ असं जादा रेशन दिलं, तर त्या घरांमधला नवा क्षय जवळपास ४० टक्क्यांनी घटला. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटातही काही पडलं की काय होतं, ते या आकड्यात दिसतं.

प्रवासाबद्दल एक राहिलंच. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जायचं तर आपल्याकडच्यांना क्षय नसल्याचं प्रमाणपत्र आधी लागतं. त्याला माझा विरोध नाही, तपासणी झाली तर निदान आजार कळतो. पण आखाती देशांत नोकरीला जाताना छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या, पूर्ण बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग दिसला तरी ‘अनफिट’ शिक्का बसतो. परिचारिका म्हणून, घरकामाला म्हणून जाणाऱ्या बायांची कर्ज काढून केलेली तयारी त्या डागापाशी संपते. डागापासून कुणाला लागण होत नाही. मग पुढच्या वेळी आजार झाला की बाई एक्स-रे काढायलाच जात नाही.

आपल्या इतिहासातली क्षयाची पहिली प्रसिद्ध प्रवासी खरं तर आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची डॉक्टरकीची पदवी घेऊन ती बोटीने परत आली ती आजार सोबत घेऊनच. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूक ठरलेली होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात वारली, तेव्हा तिला बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तिच्या परदेशगमनावर काहूर माजवणाऱ्यांना आजाराने मेली यापेक्षा ‘समुद्र ओलांडून गेली म्हणून मेली’ हे समाधान जास्त मोठं वाटलं असणार.

शेवटी भूमिका. आमच्यातल्या काही जणींचं म्हणणं असं, की कुठल्याही रुग्णाला अडवणं म्हणजे हक्कांवर घाला. मला तसं वाटत नाही. जंतू बाहेर टाकणाऱ्या माणसाने विमानात, एसटीत, भरलेल्या लोकलमध्ये बसू नये, हा सहप्रवाशाचाही हक्क आहे, आणि त्या सहप्रवाशांत पाठीला पोर बांधलेली बाईही असते. पण अडवायचं तर सोबत खाट हवी, पूर्ण औषध हवं, बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी, मुलांना बघणारं कोणी हवं, आणि हे बंधन कधी उठेल ते तारखेनिशी लेखी हवं. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये रुग्णांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, तेव्हा नाताळला घरी जाण्यासाठी त्यांनी कुंपण तोडलं. आपल्याकडे कुंपण नाही, पण काहीच देत नाहीत आणि वर ‘घरीच थांब’ सांगतात. घर म्हणजे ती खोली. आणि बाईच्या बाबतीत, ते घर तिला ठेवून घेईल याची खात्री नसते.

येत्या तिमाहीत आम्ही महानगरपालिकेला एक निवेदन देणार आहोत. त्यात चार मागण्या आहेत. एमडीआर निघालेल्या प्रत्येक बाईशी पहिल्या आठवड्यात घरी जाऊन बोलणारी समुपदेशक हवी. गावी जाणाऱ्या रुग्णाच्या हातात निदान महिन्याची औषधं आणि तिकडच्या केंद्राचं नाव देऊनच तिला सोडावं. पोषणाचे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यावर यावेत, खातं उघडून देण्याची जबाबदारी केंद्राने घ्यावी. आणि संततिनियमनाचा सल्ला औषधाच्या पहिल्याच दिवशी द्यावा. निवेदनाला जोडायला आम्हाला अनुभव हवे आहेत : ज्यांना माहेरी पाठवलं, ज्यांचं औषध गाव बदलताना तुटलं, ज्यांना एक्स-रेतल्या डागासाठी परत पाठवलं. नाव-गाव छापणार नाही. लिहिता येत नसेल तर दर मंगळवारी दुपारी दोन ते पाच केंद्रात या, आमच्यापैकी कोणीतरी लिहून घेईल. येताना जुन्या चिठ्ठ्या आणि एक्स-रे जरूर आणा, फाटले असले तरी चालतील.